छपरावरच्या सौर पॅनलांवरचा बर्फ : काढावा कधी, काढावा कसा

घराच्या छपरावर सौर पॅनलं आहेत आणि बाहेर फूटभर बर्फ पडलाय असा फोटो मायदेशी धाडला, की उलट टपाली ठरलेला प्रश्न येतो : एवढ्या थंडीत ती चालतात तरी कशी? चालतात, आणि झकास चालतात. सिलिकॉनच्या पॅनलाची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात आणि त्यापुढे तापलेल्या प्रत्येक अंशामागे ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात ६० अंशांपर्यंत तापलेलं पॅनल दहा-बारा टक्के वीज अशी गमावतं. हिवाळ्यातल्या कडक उन्हात ही घट होतच नाही. थंडीचा त्रास नाही, त्रास आहे तो झाकलं जाण्याचा.

तरीही खोरं घेऊन धावण्याआधी हिशोब करावा. ४५ ते ५० उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात ५ किलोवॉटची यंत्रणा डिसेंबरमध्ये दिवसाला सरासरी ४ ते ९ युनिट देते आणि जूनमध्ये २०च्या आसपास. दिवस लहान, सूर्य क्षितिजाला टेकलेला, त्यात ढग. म्हणजे डिसेंबरात पॅनलं चार दिवस झाकलेली राहिली तर वीस-तीस युनिट जातात. जूनच्या एक-दीड दिवसाची कमाई. एवढ्यासाठी निसरड्या छपरावर चढणं हा निव्वळ वेडेपणा.

फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये पडणाऱ्या बर्फाची गोष्ट निराळी. तोवर ऊन चांगलं वर आलेलं असतं, दिवस मोठा झालेला असतो, म्हणून एकाच सकाळच्या सफाईतून डिसेंबरपेक्षा कितीतरी जास्त वीज हाती येते. ज्यांच्या घराला ग्रिडची जोडणी नाही आणि सगळी मदार बॅटरीवर आहे, त्यांना मात्र डिसेंबरातही बर्फ काढावाच लागतो.

बाकीच्यांचं काम बहुतेक वेळा सूर्यच करतो. पातळ थरातून थोडा प्रकाश आत जातो, काळ्या सेल (पॅनलातले वीज बनवणारे तुकडे) तापतात, काचेला लागून पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि वरचा अख्खा थर खाली घसरतो. छपराचा उतार ३५-४० अंशांचा असेल तर हे लवकर होतं. १०-१५ अंशांच्या उतारावर बर्फ दिवसच्या दिवस बसून राहतो. चांगल्या उतारावरही तो अडतो तो दोन जागी. पॅनलाची अ‍ॅल्युमिनियमची चौकट काचेपेक्षा किंचित उंच असते, त्या काठाला थराचा खालचा भाग टेकतो. आणि पॅनलं थेट वळचणीपर्यंत लावलेली असली, तर आधी घसरलेला बर्फ पन्हळीवर साचून बांध घालतो. म्हणून सफाईची सुरुवात नेहमी खालच्या काठापासून करावी. वाट मोकळी झाली की वरचं ओझं पुष्कळदा आपणहून येतं.

खालचा काठ महत्त्वाचा असण्याचं आणखी एक कारण पॅनलाच्या आतल्या जोडणीत आहे. जुन्या पद्धतीच्या ६० सेलच्या पॅनलात सेलच्या तीन साखळ्या लांबीच्या दिशेनं जातात आणि प्रत्येकीला एक बायपास डायोड असतो, म्हणजे झाकलेली साखळी वगळून वीज पुढे नेणारी पर्यायी वाट. असं पॅनल उभं बसवलेलं असेल आणि तळाची एकच ओळ बर्फाखाली असेल, तर तिन्ही साखळ्या एकदम बाद होतात. दहापैकी वरचे नऊ हिस्से उन्हात चमकत असूनही वीज जवळपास शून्य. तेच पॅनल आडवं बसवलं असेल तर तळाची एक साखळी जाते, दोन चालू राहतात. हल्लीच्या हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलच्या) पॅनलात वरचा आणि खालचा अर्धा भाग समांतर जोडलेले असतात, त्यामुळे ते उभं असलं तरी अर्धी वीज देत राहतं. आपलं पॅनल कुठल्या जातीचं आहे हे बसवणाऱ्याला एकदा विचारून ठेवा. तळाचा विसेक सेंटिमीटरचा पट्टा काढणं वसूल होईल की नाही, हे त्यावरच ठरतं.

वजनाची भीती बहुधा अवाजवी असते. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. ओला, दबलेला ३०० ते ४०० किलो. २ चौरस मीटरच्या पॅनलावर १० सेंटिमीटर थर म्हणजे पहिल्या प्रकारात १० ते २० किलो, दुसऱ्यात ६० ते ८०. बऱ्याच पॅनलांची चाचणी ५४०० पास्कल दाबाला होते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५५० किलो. पण हा भार सगळीकडे सारखा पसरलेला धरलेला असतो. घसरत आलेला बर्फ तळाशी गोळा होतो तेव्हा खालची चौकट वाकते, पॅनल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पपाशी ताण येतो. आणि पॅनल टिकलं तरी खालचं छप्पर किती भार सोसेल, हा प्रश्न वेगळाच.

आता अवजार. फोमच्या डोक्याचा रूफ रेक (छपरावरचा बर्फ खाली ओढायचं अवजार) घ्यावा, दांडा लांबवता येणारा, ६-७ मीटरपर्यंत पोचणारा. धातूचं पातं, चाकं असलेला रेक, अंगणातलं फावडं, यांतलं काहीही काचेला लावू नये. काचेवरचा परावर्तनरोधी थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो, तो एका ओरखड्यात जातो. जवळून विजेच्या उघड्या तारा जात असतील तर अ‍ॅल्युमिनियमचा दांडा नको, फायबरग्लासचा घ्या. उभं राहायचं जमिनीवर आणि बाजूला, समोर कधीच नाही. काचेवरचा थर सुटला की इशारा न देता एकसंध खाली येतो. खाली गाडी, हीट पंपाचं (घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचं) बाहेरचं युनिट, गॅस मीटर किंवा दार काय आहे ते आधी पाहून घ्या, मुलांना आत ठेवा.

रेक टेकवून हलका ओढायचा, दाबायचा नाही. काचेपर्यंत खरवडण्याचा हट्ट सोडा. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर उन्हावर सोपवा. एकदा काळा भाग उघडा पडला की तो तापतो आणि शेजारचा बर्फ सोडवतो. सकाळी लवकर घट्ट गोठलेल्या थराशी झुंजण्यापेक्षा ऊन येऊन तास-दोन तास झाल्यावर निम्म्या कष्टात काम होतं.

गरम पाणी ओतण्याचा मोह सगळ्यांना होतो. थंडगार काचेवर एकदम उष्णता पडली की टफन्ड काचेचाही चुरा होऊ शकतो, आणि न झाला तरी ते पाणी पन्हळीत जाऊन गोठतं. मीठ चौकटीला आणि अर्थिंगच्या जोडांना खातं. विजेनं वितळवायचं म्हणाल तर : १० किलो बर्फ वितळवायला जवळपास १ युनिट लागतं. २५ चौरस मीटर पॅनलांवर १० सेंटिमीटरचा हलका थरसुद्धा अडीचशे किलोच्या घरात जातो, म्हणजे २३ युनिट खर्चून ४ ते ९ युनिट कमवायची!

गोठत्या पावसानं चढलेल्या पारदर्शक बर्फाला हातच लावू नये. तो काचेला चिकटलेला असतो, खरवडला तर काच दुखावते. आणि त्यातून प्रकाश बऱ्यापैकी जात असल्यानं तो वितळतोही. पहाटेचं दहिवर तर ऊन येताच जातं, त्याची दखल घ्यायचं कारण नाही.

वितळण्याच्या दिवसांत नजर ठेवायची ती वायरींवर. पॅनलाखाली लोंबणारी वायर बर्फात अडकते, बर्फ घसरला की ओढली जाते आणि कनेक्टर सैल होतो. वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ऊन-थंडीनं ठिसूळ होऊन तुटतात. स्टीलच्या क्लिपा टिकतात. इन्व्हर्टरवर (पॅनलांची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्रावर) इन्सुलेशनचा दोष दिसू लागला, तर बहुधा कुठेतरी पाणी शिरलेलं असतं. दुपारी सुकल्यावर इशारा नाहीसा झाला तरी दोष तिथेच असतो. घरातला स्विच बंद केला तरी उन्हातल्या पॅनलांच्या साखळीत काहीशे व्होल्ट डीसी असू शकतो, म्हणून तपासणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. फुटलेल्या काचेच्या पॅनलालाही हाच नियम, मग ते अर्धं बर्फाखाली का असेना.