धडा

लहानपणी मला तेल आणायला किराणा दुकानात पिटाळत. बाटली घरची. दुकानदार काका ती रिकामी बाटली तराजूच्या एका पारड्यात ठेवायचे आणि दुसऱ्यात खडे, गंजका खिळा, अगदीच बारीक फरक उरला तर चिंचोका टाकायचे. काटा मधोमध आला की म्हणायचे, “झाला धडा.” मग खड्यांशेजारी पाव किलोचं माप ठेवून तेल ओतायचे. बाटलीचं वजन किती, हे त्यांना ठाऊक नसायचं आणि मलाही. अडायचं काहीच नाही.

आता मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. इतकी वर्षं समीकरणं सोडवताना मुलांना एकच मंत्र देत आलो : पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं. आपल्याकडे हे फार समजावून सांगावं लागत नाही. पक्ष बदलला की चिन्ह बदलायचंच! (समीकरणाच्या दोन बाजूंना जुन्या ग्रंथांतही ‘पक्ष’च म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.) मंत्र पाठ होतो, मार्क पडतात, आणि आम्ही पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

यंदा आठवीतल्या एका मुलीनं ५क्ष = २० हे समीकरण सोडवून क्ष = १५ लिहिलं. वीसातून पाच गेले. मी लाल फुली मारली. ती वही घेऊन उभीच राहिली. “सर, पाच पलीकडे नेला, चिन्ह बदललं. चुकलं कुठे?” शेजारच्या पोरानं तिची बाजू अहिराणीत लावून धरली, “पन सर, तठे जाईसन चिन्ह बदलस कसाले?”

कसाले, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली म्हणून वाचलो.

त्या रविवारी पाटणादेवीला गेलो. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाटणादेवी दाखवायचीच. देऊळ, डोंगर, पावसाळ्यात धबधबा, आणि जाता जाता ‘हे भास्कराचार्यांचं गाव’ असं सांगायचं. ते जन्मगाव हेच का, यावर वाद आहेत. पण त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं, चांगदेवानं, इथे मठ काढला, असं सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख इथलाच. मी बीजगणिताचा मास्तर, तिथे शेकडो वेळा गेलेला, आणि त्यांचं ‘बीजगणित’ कधी उघडलं नव्हतं. या खेपेला घरी परतून उघडलं.

अज्ञात संख्यांना तिथे चक्क रंगांची नावं आहेत. पहिली तेवढी यावत्तावत्, मग रंग सुरू : कालक, नीलक, पीतक. आपल्या क्ष, य पेक्षा किती तरी जिवंत! पण मी अडकलो ते ६१ वर. अशी संख्या शोधा की तिच्या वर्गाला ६१ नं गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येईल. दिसायला सोपं. मी १, २, ३ करत पन्नासपर्यंत गेलो आणि दिवा मालवला. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे, म्हणजे रोज शंभर आकडे तपासले असते तरी सहा हजार वर्षं लागली असती. फ्रेंच गणिती फर्मानं १६५७ साली युरोपातल्या गणितींपुढे हाच ६१ टाकला होता. भास्कराचार्यांनी तो साधारण ११५० मध्येच सोडवून ठेवलेला.

कसा, ते बघताना मला दुकानदार काका आठवले. एकाच्या वर्गाला ६१ नं गुणलं तर ६१ येतात. त्यात १ मिळवून वर्ग होत नाही, पण ३ मिळवले तर ६४ होतात, आठाचा वर्ग. म्हणजे तीन जास्तीचे टाकले की काटा सरळ. त्या वरून टाकलेल्या आकड्याला ग्रंथात ‘क्षेप’ म्हणतात. खडा, खिळा, चिंचोका! मग तो क्षेप बदलत बदलत चाकासारखं फिरायचं, शेवटी क्षेप १ उरेपर्यंत. म्हणूनच या रीतीचं नाव चक्रवाल.

६१ निदान सुटला तरी. संशोधनात पुष्कळदा सुटतच नाही हे दाखवणं मोठं ठरतं. नॉर्वेच्या आबेल या गणितीनं १८२४ साली दाखवलं की पाचव्या घाताच्या समीकरणांना सरसकट चालणारं, वर्गमूळ-घनमूळ अशी मुळं काढून उत्तर देणारं सूत्र असूच शकत नाही. आमच्या पेपरात ‘सुटत नाही’ लिहिणाऱ्याला भोपळा मिळतो.

सोमवारी दुकानात गेलो. आता काकांचा मुलगा बसतो, डिजिटल काट्यावर बाटली ठेवली की बटण दाबून आकडा शून्य करतो. जुना तराजू त्यानं माळ्यावरून काढून दिला. वर्गात एका पारड्यात चिंचोक्यांच्या पाच बंद पुड्या ठेवल्या, दुसऱ्यात वीस सुटे चिंचोके. पुड्यांचा कागद जड झाला म्हणून तेवढेच पाच कोरे कागद इकडेही टाकले. “झाला धडा,” मी म्हणालो. मुलांना वाटलं, तास संपला.

मुलीला म्हटलं, काढ पाच. तिनं वीसातले पाच चिंचोके उचलले. पुड्यांचं पारडं धपकन खाली. ती बराच वेळ बघत राहिली. मग उचललेले चिंचोके परत टाकले, दुसऱ्या पारड्यातले सगळेच बाकावर ओतले आणि त्यांचे पाच ढीग घालू लागली. चार ढीग चार-चारचे झाले.

“सर, एक कमी पडस,” मागच्या बाकावरचा म्हणाला. त्याची मूठ बंद होती.