सोळा किलोची बॅग आणि काकांचं चीता

बेळगावचे पहिले तीन दिवस मी एकाच ओळीत उरकते. कमल बस्ती बघितली, राजहंसगडावर पावसानं झोडपून काढलं, मिलिटरी महादेवाला जाऊन आले, कुंदा खाल्ला. चौथ्या दिवशी खानापूर तालुक्यात मावशीच्या गावी गेले आणि तिथल्या पडवीत जे दोन-तीन तास गेले ते काही केल्या डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून हे लिहितेय.

प्रवासाची सुरुवातच पाण्यानं झाली होती. मिरजेहून निघालेली गाडी कुडचीच्या पुलावर आली आणि अख्खा डबा खिडक्यांशी गोळा झाला, खाली कृष्णा लाल होऊन वाहत होती, काठचा ऊस अर्धा पाण्यात. बाकीचे व्हिडिओ काढत होते, मला बघवेना. मी सांगलीची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही घरातले सात जण गच्चीवर होतो, आमच्या घरात शिरलेलं पाणीच पुढे इकडं येतं. त्या वेळी तिसऱ्या दिवशी आधी आवाज आला आणि मग बऱ्याच वेळानं हेलिकॉप्टर दिसलं. ते आमच्यासाठी नव्हतं, सरळ पुढे गेलं, तरी सासूबाईंनी हात जोडले आणि मी पहिल्यांदा रडले. तेव्हापासून हेलिकॉप्टरचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बाहेर येते, मग ऑफिस असो नाहीतर लग्नाचा मांडव.

बेळगावातल्या लॉजबद्दल एवढंच सांगते की फोटोत दाखवलेली खोली एक आणि दिलेली दुसरीच, खिडकीखाली जनरेटर, आणि गरम पाणी सकाळी सहा ते सात. तक्रार केली तर काउंटरवरचा माणूस वर न बघता म्हणाला, ॲडजस्ट करा मॅडम. पैसे पूर्ण भरलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवायची पद्धत मला अजिबात सहन होत नाही. मी एक रात्र सोडून दिली आणि मावशीला फोन केला, येऊ का. ती म्हणाली, "विचारूलालीस काय, ये की."

खानापूरच्या पुढे रस्ता झाडीत शिरतो आणि माती तांबडी होते. भाताची लावण संपत आलेली, बांधावर इरली घेतलेल्या बायका. मावशीचं घर कौलारू, पुढे लांब पडवी, आणि पडवीच्या वाशाला काजूबिया मोजायचा टांगता काटा. काका तिथंच खुर्ची टाकून बसलेले. मी बॅग ठेवून चहाचा कप हातात घेतला तोच ढगांच्या वरून आवाज आला. मी उठून अंगणात, आणि वळून बघते तर काकाही माझ्या शेजारी उभे. ढगात काहीच दिसत नव्हतं. काका डोळे मिटून ऐकत होते.

"ध्रुव हाय," ते म्हणाले, म्हणजे आपल्या फौजेतलं एक हेलिकॉप्टर. "दोन इंजिनं हाईत बघ. गोव्याकडनं आलं असणार. चीता असतं तर शिट्टी ऐकू आली असती."

काका आर्मीत होते एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. या भागात घरटी एखादा माणूस फौजेत असतो, त्यामुळं कोण नेमकं काय करत होतं हे कुणी विचारतच नाही. काका ईएमईमध्ये, म्हणजे आर्मीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत होते, आर्मी एव्हिएशनच्या हेलिकॉप्टरांचे टेक्निशियन. नाशिकला काही वर्षं, आणि दोन वेळा लेह. ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कळली नव्हती याचं मला फार वाईट वाटलं.

चीता म्हणजे काय ते त्यांनी मला पडवीतल्या ओल्या फरशीवर बोटानं काढून दाखवलं. पुढे काचेचा फुगा, मागे उघड्या सळयांची शेपटी, खाली चाकं नाहीत, दोन नळ्यांसारखे पाय. मूळचं फ्रान्सचं, तिकडं नाव लामा, आणि मुळात आपल्या हिमालयासाठी म्हणूनच बनवलेलं. जुन्या अलुएत-२ हेलिकॉप्टरचा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर मोठ्या अलुएत-३ चं इंजिन आणि पंखा बसवला, बस. अलुएत-३ म्हणजे आपलं चेतक, एचएएल ही आपली सरकारी विमान कंपनी दोन्ही बंगळुरातच बनवत आली. इंजिन ८७० अश्वशक्तीचं, पण ५५० वरच बांधून ठेवलेलं. मी विचारलं, मग उरलेली ताकद वाया? काका म्हणाले, वर हवा पातळ होत जाते तशी इंजिनाची ताकद गळत जाते, ही शिल्लक तिथं कामाला येते. हे मला इतकं पटलं की मी दोनदा विचारून घेतलं. १९७२ मध्ये ज्याँ बुले नावाच्या फ्रेंच पायलटनं हेच लामा १२,४४२ मीटरवर नेलं, वर इंजिन बंद पडलं, आणि पंखा नुसत्या हवेवर फिरत ठेवून तो खाली उतरला. काकांनी हे असं सांगितलं जसं गावातल्या माणसाबद्दल सांगावं.

मग मी सहज विचारलं की सियाचेनला एका खेपेत किती सामान जायचं. काका काही बोलले नाहीत. उठले, माझी बॅग उचलली आणि काजूच्या काट्याला अडकवली. काटा सोळावर थांबला.

"वीस लिटर रॉकेलचा कॅन एवढाच असतोय," ते म्हणाले. "सगळ्यात वरच्या पोस्टला कधी कधी एका खेपेत एवढंच. एक कॅन."

मी त्या लोंबकळणाऱ्या बॅगेकडे बघत राहिले. आत माझे चार ड्रेस, दोन जोडी चपला, हेअर ड्रायर, कुंद्याचे तीन बॉक्स. वीस हजार फुटांवर बसलेल्या पोरांना स्टोव्ह पेटवायला, बर्फ वितळवून प्यायचं पाणी करायला लागणारं रॉकेल असं एकेक कॅननं जायचं, आणि त्या एका कॅनसाठी दोन पायलट, एक हेलिकॉप्टर आणि खाली पहाटे तीनपासून थंडीत उभे असलेले काकांसारखे लोक. दारं काढून ठेवायची, मागचं सीट काढायचं, तेल जाऊन-येऊन लागेल तेवढंच मोजून भरायचं. लवकर निघायचं कारण पहाटेची थंड हवा दाट असते, पंख्याला पकड मिळते, ऊन वर आलं की वारा सुटतो. उघड्या हातानं पाना धरला तर कातडी धातूला चिकटायची. काका म्हणाले, पायलट बसायच्या आधी त्याचं वजनसुद्धा आमच्या हिशोबात असायचं, कोण किती किलोचा ते आम्हाला पाठ.

१३ एप्रिल १९८४ ला सियाचेनजवळच्या बिलाफोंड ला खिंडीत आपली पहिली तुकडी चीतांनीच उतरवली, कॅप्टन संजय कुलकर्णींची. ही तारीख काकांनी पंचांगातल्या सणासारखी सांगितली.

आम्ही सव्वीस जानेवारीला टीव्हीवर लढाऊ विमानं बघतो आणि टाळ्या वाजवतो, मीही वाजवते. पण या छोट्या हेलिकॉप्टरांबद्दल आपल्याला शाळेत, पेपरात कुणी नीट सांगितलं नाही याचा मला त्या पडवीत बसून खरंच राग आला. काय काय करतात ही! चेतकमध्ये एरवी सात जण बसतात, जखमी असला तर दोन स्ट्रेचर आडवी बसतात. बाजूला विंच लावली की दोरीनं माणूस वर ओढता येतो, १७५ किलोपर्यंत. त्याच चेतकला वायरवरून चालवायची रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रंही लावली होती, आणि नौदलाच्या चेतकखाली टॉर्पेडो. चीताचाही लान्सर नावाचा अवतार आहे, दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटरची गन आणि ७० मिलिमीटरची रॉकेटं. पुढे ध्रुवपासून रुद्र झालं, त्याच्या नाकाखालची २० मिलिमीटरची तोफ पायलट मान वळवेल तिकडं वळते, कारण निशाणा हेल्मेटवर असतो. काकांना मात्र तोफेचं फार कौतुक नाही. "विंच महत्त्वाची," ते म्हणाले. मला गच्ची आठवली आणि मी मान हलवली.

एक गोष्ट मी विचारू की नको असं करत शेवटी विचारलीच, पडलेल्या चीतांबद्दल. मावशी आत निघून गेली. एकच इंजिन, डिझाइन साठच्या दशकातलं, ढगात वाट दाखवायला आजच्यासारखी यंत्रं नाहीत. २०१५ च्या सुमाराला अधिकाऱ्यांच्या बायकांनी एकत्र येऊन संरक्षणमंत्री पर्रीकरांकडे मागणी केली होती की ही जुनी हेलिकॉप्टरं बंद करा, ते मला आठवत होतं. मी काकांना म्हटलं की त्या बायकांचं बरोबर होतं. मला वाटलं त्यांना राग येईल. ते बराच वेळ पागोळ्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "बरोबरच हाय. मी हातानं पुसलेलं मशीन हाय ते, तरी बरोबर हाय." एवढं बोलून उठले आणि आतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले.

पिशवीत पेपरची कात्रणं होती, मराठी आणि कन्नड दोन्ही. तुमकूरजवळ गुब्बी तालुक्यात एचएएलचा नवा कारखाना, ६ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. तिथं चीता-चेतकच्या जागी येणारं एलयूएच, म्हणजे लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर, बनणार. पहिलं उड्डाण सप्टेंबर २०१६. तेही एकाच इंजिनाचं, पण इंजिन नवं, ध्रुवच्या शक्ती इंजिनाचंच भावंड, आणि कॉकपिटमध्ये घड्याळांऐवजी स्क्रीन. वजन भरून ३,१५० किलो. कन्नड कात्रण काका मला वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता मराठी करत होते, मधेच एखादा शब्द हिंदीत, फौजेतला. मला कन्नडची एक ओळ वाचता येत नाही, पण त्यांचं बोट "३,१५०" या आकड्यावर थांबलं ते कळलं. त्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

त्यांची मुलगी बंगळुरात असते. बस रात्रीची, तुमकूर पहाटे येतं, आणि काका दर वेळी तुमकूरच्या आधी उठून बसतात. हायवेवरून काही दिसत नाही हे त्यांनाही माहीत आहे. "पण उठतो," ते म्हणाले.

रात्री जेवायला तांदळाच्या भाकरी, काजूची उसळ आणि झणझणीत सुकट. इतका आग्रह की मी शेवटी ताट झाकून धरलं. मला पाहुणचारात असा आग्रह आवडत नाही, पण त्या रात्री मी तिसरी भाकरी घेतली.

सकाळी मावशीनं माझ्या बॅगेत काजू आणि नवे पोहे कोंबले. मी नको नको म्हणत होते. काकांनी चेन लावली, बॅग उचलून पुन्हा काट्याला अडकवली, काटा स्थिर होईपर्यंत एका हातानं धरून ठेवली.

"साडेअठरा," त्यांनी मावशीला सांगितलं, आणि बस येईपर्यंत बॅग माझ्या हाती दिली नाही.