बुटातलं मीठ

रविवार, रात्री साडेदहा

कच्छहून परवा आलो, तरी बुटाच्या शिवणीत अजून मीठ आहे. आईने बोटावर घेऊन चाखून पाहिलं. "खारट हाये गा," म्हणाली, जशी काही मी साखर सांगितली होती.

पांढरं रण बघायला धोरडोला सगळे जातात, मीही गेलो. तंबू, उंटगाड्या, फोटो. गर्दी सोडून जरा आत गेलो आणि टाचेने मिठाचा पापुद्रा फोडला. खाली काळा, ओला गाळ, बुटाला आपल्या वावरातल्यासारखाच चिकटला. पावसाळ्यात इथं पाणी भरतं, हिवाळ्यापर्यंत आटतं, मागे मीठ राहतं. एवढी काळी जमीन आणि काडी उगवत नाही! कास्तकाराच्या पोराला ते बघवत नाही.

लखपत, तिथलं जुनं बंदर, मात्र डोक्यातून जात नाहीये. जमादार फतेह मुहंमदाने १८०१ साली बांधून घेतलेला तट, सुमारे ७ किलोमीटरचा, आणि आत थोडीशी घरं, गुरुद्वारा, दर्गे, बाकी पडके दगड न् वेड्या बाभळी. तटावर चढलो तर वाऱ्याने उभं राहवेना. समोर कोरी खाडी. सिंधूचं पाणी इथवर यायचं तेव्हा आसपास भात पिकायचा, बंदरात गलबतं लागायची. वर सिंधमध्ये बंधारे घालून पाणी आधीच तोडलं होतं. मग १८१९ च्या जूनमध्ये भूकंप झाला, उत्तरेला जमीन उचलली गेली, आणि उरलंसुरलं तेही गेलं. त्या उंचवट्याला लोक अल्लाबंद म्हणतात, म्हणजे अल्लाचा बांध. माणसाने बांधला नाही म्हणून अल्लाचा.

आज संध्याकाळी वावराकडे गेलो. तूर निघाली, त्यामुळे रबारी मेंढपाळांचा डेरा उतरलाय. (आहेत कच्छचे, पण गावाला सगळे काठेवाडीच.) लहानपणापासून पाहतोय त्यांना, पण एवढ्या लांबून का येतात हे कधी विचारलं नव्हतं. धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला सांगितलं, "काका, तुमचं लखपत पाहून आलो."

"मी नाही पाह्यलं," तो म्हणाला. इतकी वर्षं इकडे राहून त्याची भाषा आमच्यासारखीच झाली आहे. "तिकडं काय हाय? चारा हाय का?"

नाही म्हणालो.

मग तो बाबांकडे वळला. खतासाठी वावरात मेंढ्या किती रात्री बसवायच्या, यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी तीन रात्री ठरल्या.