चोथा

संत्रं सोलायला मला दोन मिनिटंही लागत नाहीत. वेळ जातो तो पांढऱ्या दोऱ्यांत. फोडीच्या पाठीवरचा दोरा नखाने अलगद उचलायचा, मध्येच तुटू न देता शेवटपर्यंत ओढायचा, मग आतल्या कडेची जाड शीर काढायची. फोड पार गुळगुळीत झाल्याशिवाय मला ती तोंडात घालवत नाही. परवा दुपारी हा उद्योग चालू असताना बशीत जमलेला तो ओलसर गुंता बघितला आणि आत्या आठवली.

आत्या संत्रं खायची ते दोऱ्यांसकट. आम्ही भावंडं रस चोखून चोथा बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवायचो, कोणाची ओळ मोठी यावरून भांडायचो. ती मात्र सगळं चावून गिळून टाकायची आणि आमच्या बशीकडे बघून म्हणायची, "अरे, पोटातल्यांना काही ठेवलंत की नाही?" पोटातले म्हणजे कोण, ते तिने कधी सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं जंत. त्यांना उपाशी मारण्यातच शहाणपण आहे अशी आमची खात्री होती.

त्या दोऱ्यांत पेक्टिन असतं. ते पचवणारं एकही विकर माणसाच्या शरीरात तयार होत नाही. जठरातून, लहान आतड्यातून ते जसंच्या तसं पुढे सरकतं. धान्याच्या कोंड्याचं, डाळींतल्या काही शर्करांचं, शिजवून गार केलेल्या बटाट्यातल्या थोड्या पिष्टाचंही तेच. सगळी वरात पोचते मोठ्या आतड्यात. दीडेक मीटरची ती नळी, आत काळोख, प्राणवायूचा जवळजवळ पत्ताच नाही, आणि तिथे अब्जावधी जिवाणू वाट बघत बसलेले. आत्याचे पोटातले ते हेच. आपल्याला जे पचत नाही ते हे जिवाणू आंबवतात, आणि त्यातून त्यांना नको असलेली आम्लं बाहेर टाकतात. ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही त्यांतली मुख्य.

ब्युटिरेटशी माझी ओळख जुनी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युटिरिक आम्लाची बाटली असायची. खवट लोणी आणि ओकारी यांच्या मधला कुठला तरी वास. हाताला लागलं तर साबणाने जात नाही, त्या दिवशी शेजारी कोणी बसत नाही. आणि त्याच आम्लात अल्कोहोल आणि गंधकाम्लाचे थेंब घालून गरम केलं की वर्गभर अननसाचा घमघमाट. रसायनशास्त्रातलं बाकीचं सगळं विसरलो, हा एक चमत्कार मात्र डोक्यात राहिला. ज्या बाटलीपासून आम्ही नाक दाबून पळायचो, त्याच आम्लावर आपल्या आतड्याचं अस्तर जगतं हे मला फार उशिरा कळलं.

म्हणजे अक्षरशः जगतं. शरीरातल्या बहुतेक पेशींना खाऊ मिळतो रक्तातून. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची तऱ्हा वेगळी. रोडिगर या संशोधकांनी १९८० च्या सुमारास दाखवलं की या पेशींच्या ऊर्जेचा मोठा वाटा, साधारण ७० टक्के, ब्युटिरेटमधून येतो. आपण खातो, त्यातलं उरलेलं जिवाणू खातात, आणि त्यांनी टाकलेल्यावर आपलीच भिंत उभी राहते. मला यातली उतरंड फार आवडते. खवय्या म्हणवणाऱ्या माणसाने थोडा वेळ गप्प बसावं इतकी आवडते.

पुढचा भाग तर त्याहून विलक्षण आहे. अस्तरातली निरोगी पेशी ब्युटिरेट जाळून टाकते, त्यामुळे ते तिच्या केंद्रकापर्यंत फारसं पोचत नाही. कर्करोगाकडे वळलेल्या पेशीची मात्र चव बदललेली असते. तिला ग्लुकोज हवं, तेही भरमसाट. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी गेल्या शतकाच्या विशीतच गाठींमधली ही खोड टिपली होती. आता ब्युटिरेट तर दारात येतच राहतं. ती ते जाळत नाही, म्हणून ते आत साठतं, केंद्रकात शिरतं आणि जनुकं घट्ट गुंडाळून ठेवायला मदत करणाऱ्या विकरांना रोखतं. बंद पडलेली काही जनुकं जागी होतात, पेशीची वाढ थांबते, पुष्कळदा ती स्वतःच मरते. शेजारणीचं अन्न तेच हिचं विष. हे प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलेलं आहे. माणसाच्या पोटात हिशेब इतका सरळ नसतो.

माणसांच्या बाबतीत हा धागा पहिल्यांदा जोरात ओढला तो डेनिस बर्किट यांनी. आयरिश शल्यचिकित्सक, बरीच वर्षं युगांडात काढलेले, लहानपणी एक डोळा गमावलेले. मोठ्या आतड्याचा कर्करोग आफ्रिकेतल्या खेड्यांत इतका कमी आणि श्रीमंत देशांत इतका जास्त का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. लोकांना क्ष-किरणांत दिसणाऱ्या बारीक गोळ्या गिळायला द्यायच्या आणि त्या बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. आफ्रिकी खेडुतांना लागायचा साधारण दीड दिवस, इंग्रजांना तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त. १९७१ मध्ये त्यांनी चोथ्याची बाजू लेखी मांडली. जिथे जातील तिथे विष्ठेचे फोटो काढायचे आणि व्याख्यानांत पडद्यावर खुशाल दाखवायचे. आत्याचं आणि त्यांचं छान जमलं असतं.

बर्किट यांचा भर होता चोथ्याच्या आकारावर आणि वेगावर. घातक द्रव्यं पातळ होतात, लवकर बाहेर जातात. आंबण्याची गोष्ट नंतर पुढे आली. मधल्या काळात प्रकरण डळमळलंही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत फायदा दिसला नाही. २००० मध्ये दोन चाचण्यांत जेवणातले तंतू, म्हणजे हाच चोथा, वाढवूनही आतड्यातले मोड (पॉलिप, अस्तरावर उगवणाऱ्या लहान गाठी) पुन्हा यायचे थांबले नाहीत. मग २००३ मध्ये युरोपातल्या दहा देशांतल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत उलटं दिसलं: तंतू जास्त, कर्करोग कमी. माझ्यापुरतं मी ठरवलंय की त्या चाचण्यांची घाई झाली. मोडाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा जास्त लागतात, आणि यांनी तीनचार वर्षांत निकाल मागितला. २०१५ मधला एक प्रयोग मात्र मला मनापासून पटतो. वीस आफ्रिकी-अमेरिकी माणसं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातली वीस माणसं, यांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण जेवायचं. अमेरिकनांचं ब्युटिरेट वाढलं, अस्तराची सूज आणि पेशींची वाढायची लगबग कमी झाली. खेडुतांचं नेमकं उलट झालं. अवघ्या दोन आठवड्यांत! त्याने कर्करोग टळला असं कोणी म्हणत नाही, पण पोटातले किती पटकन रुसतात ते कळलं.

आंबलं की वायू होणारच. त्यातला बहुतेक वायू बिनवासाचा असतो, बदनामी होते ती जराशा गंधकामुळे. तरीही तंतूंबद्दल कुठेही वाचा, या विषयावर लेखक मूग गिळून बसतात. आपल्याला चोथा खायला सांगणाऱ्याने निदान 'हळूहळू वाढवा, पाणी प्या, आणि पहिले काही दिवस दाटीच्या लिफ्टमध्ये जाऊ नका' एवढं तरी सांगावं. आत्या आवाज झाला तर स्वतःच हसायची. आम्ही मात्र खुर्ची सरकवून खोकायचो, अजूनही तेच करतो.

माझा एक मित्र आहे. सालासकट फळं, वाटीभर मोड आलेली कडधान्यं, रोजचं चालणं. चोथ्याच्या बाबतीत कोणी बोट ठेवू शकणार नाही असा माणूस. त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आता बरा आहे. रक्त त्याला बरेच महिने दिसत होतं. मूळव्याध असेल म्हणून मलम लावत राहिला, बायकोलाही सांगितलं नाही. त्या महिन्यांत आम्ही जवळजवळ दर रविवारी भेटायचो. गुडघे, रक्तदाब, मुलांच्या नोकऱ्या, सगळं बोलून व्हायचं. संडासातलं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.