शिरवळची एमआयडीसी, वीरचं पाणी आणि पट्टकादंब

वीर धरणाच्या पाण्यावरचे पक्षी बघायचे तर शिरवळ गाठायचं. साताऱ्याहून ते ५५-६० किलोमीटर. पहाटे निघालं तर आनेवाडीचा टोल आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून तासाभरात पोचता येतं. फक्त सकाळची शिफ्ट भरायच्या वेळी फाट्यावर अडकू नका. कंपन्यांच्या बस आणि दुचाक्यांच्या गर्दीत उजेडाचा सगळ्यात चांगला अर्धा तास हातचा जातो. चहा-नाश्ता, स्वच्छतागृह हे सगळं हायवेवरच उरकून घ्या. पाण्याकडे वळल्यावर यातलं काहीही मिळत नाही.

नीरेवरच्या वीर धरणाचा फुगवटा शिरवळच्या अंगणापर्यंत येतो. एका बाजूला पुणे जिल्हा, अलीकडे साताऱ्यातला आपला खंडाळा तालुका. बरेच जण वीर गावात म्हस्कोबाचं दर्शन घेऊन धरणाच्या भिंतीकडून पक्षी बघायला जातात. मी म्हणेन, साताऱ्याच्या बाजूनेच जा. हा दक्षिणेचा काठ. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे पाण्याकडे बघताना ऊन पाठीवर राहतं आणि बदकांचे रंग फिके दिसत नाहीत. शिरवळ-लोणंद रस्त्यावरून काठच्या गावांकडे फाटे फुटतात. गाडी गावात लावून पुढे बांधाबांधाने चालत जायचं, आणि कुणाच्या रानातून जाताना आधी विचारायचं.

आम्ही जानेवारीत गेलो. पाणी बऱ्यापैकी उतरलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, गहू वितभर वाढला होता. गाळपेर. दुर्बीण आणि तिपाई बघून एका काकांनी हटकलं, "काय पाव्हणं, जमीन मोजाया आलाय का?" पक्षी बघायला आलोय म्हटल्यावर ते हसले. मग पाण्यातल्या उंचवट्याकडे बोट करून म्हणाले, "ती बघा, तिथं झोपल्यात. रातच्याला उठत्यात आन् आमच्या हरभऱ्यात उतरत्यात."

ते पट्टकादंब होते. डोक्यावर दोन काळे पट्टे, अंग राखाडी. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारा हा हंस दिवसा पाण्याकाठी विसावतो आणि अंधारात चरायला शेतात उतरतो. काका म्हणाले, भाजीसाठी शेंडे खुडले तर हरभरा आणखी फुटवे धरतो, पण हे पक्षी रोपच उपटून टाकतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. इथे पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र करायचं म्हणणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) पहिली बैठक या काकांसोबत घ्यायला हवी.

हंसांच्या पलीकडे चक्रवाक, हळदीकुंकू बदकं, थापट्या, चमचे, चित्रबलाक. वर नदीसुरय घिरट्या घालत होते. फ्लेमिंगोचं म्हणाल तर ते नशिबावर. तेवढ्यासाठी येणार असाल तर भिगवण बरं.

एक ओढा वस्ती आणि कारखान्यांच्या बाजूने येऊन फुगवट्याला मिळतो. त्याच्या तोंडाशी जलपर्णी आणि पाण्याला वास, तरी सगळ्यात जास्त शेकाटे आणि धोबी तिथेच. सोबतचा मित्र म्हणाला, "बघ, पक्षी आहेत म्हणजे पाणी ठीक आहे." हा समज मोडायला हवा. सांडपाण्याच्या चिखलात किड्यांच्या अळ्या माजतात आणि शेकाट्यांना त्या हव्याच असतात. मासे खाणारे पक्षी त्या तोंडापासून लांब होते. नुसत्या रंगावरून किंवा वासावरून कुणा कारखान्याला दोष देऊ नये. घाण गावाच्या गटाराचीही असू शकते. फोटो, तारीख आणि ठिकाण नोंदवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साताऱ्यातल्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावं, नमुने तपासणं त्यांचं काम.

राखीव क्षेत्र करायचं तर कायद्याचा रस्ता कोणता? २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, त्यामुळे तिकडून वीरला संरक्षण मिळत नाही. इथे जमेल असा रस्ता म्हणजे वन्यजीव कायद्यातला 'संवर्धन राखीव'. खटाव तालुक्यातल्या मायणी परिसरातल्या तलावांना २०२१ मध्ये हाच दर्जा मिळाला. तो सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी बोलून जाहीर करायचा असतो आणि त्याच्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. कारखान्यांच्या शेजारी हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी ऐरोलीला जाऊन यावं. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला लागून असलेली ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली.

पैसा कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या निधीतून, येऊ शकतो. भीती आहे ती पैसा आल्यानंतरची. वृक्षारोपण, पेव्हर ब्लॉकची पायवाट, मनोरा, सेल्फी पॉइंट, उद्घाटनाची कोनशिला! काठावर झाडांच्या रांगा लावल्या की हंस आणि चिखलपायटे (चिखलात चरणारे पक्षी) तिथे बसायला कचरतात, त्यांना चारी बाजूंचं उघडं रान दिसावं लागतं. वीरला हवाय चिखल, आणि तो योग्य वेळी. इथली पातळी पावसावर कमी, आवर्तनावर जास्त चालते. कालव्यांना पाणी सुटलं की उतरते, वरून भाटघर आणि नीरा देवघरचं आलं की चढते. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदीसुरय अंडी घालतात. तेव्हा पातळी एकदम चढली तर घरटी बुडणार. म्हणून राखीव क्षेत्राचा पहिला करार जलसंपदा विभागाशी हवा: घरट्यांच्या दिवसांत पाणी हळूहळू चढवा, आणि गाळपेरीचे पट्टे देताना पाण्यालगतची थोडी जमीन नांगरटीतून सोडा. त्या पट्ट्याचा मोबदला आणि हरभऱ्याची भरपाई सीएसआरमधून द्या. पेव्हर ब्लॉकपेक्षा स्वस्त पडेल. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. जखमी पक्ष्यांचं काम विद्यार्थ्यांनी उचललं तर वेगळं केंद्र बांधायलाही नको.

जाणाऱ्यांसाठी थोडं आणखी. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत जा. दिवाळीत धरण भरलेलं असतं, चिखलच नसतो. गाळ वरून कोरडा दिसला तरी आत पोकळ असतो, काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नका. हंसांनी माना वर केल्या की तिथेच थांबा, आणखी पुढे गेलात तर अख्खा थवा उठेल. ड्रोन घरी ठेवा. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची लांब पल्ल्याची दुर्बीण) मिळाला तर न्या, नुसत्या दुर्बिणीत लांबचे चिखलपायटे ओळखू येत नाहीत. माघात म्हस्कोबाची यात्रा असते, तेव्हा वीरकडच्या बाजूला फिरकू नका. आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना शेऱ्यात त्या दिवशीचा धरणातला साठाही लिहा, जलसंपदा विभाग तो रोज जाहीर करतो. किती पाण्याला किती पक्षी, हे पुढेमागे प्रस्तावात दाखवायला त्याच नोंदी लागतील.