मेंदू शिकायचा तर एका कॉलेजात भागत नाही

सोलापुरात झूऑलॉजी शिकवतो म्हणून दरवर्षी एखादं तरी पोरगं माझ्याकडं येतंच, सर न्यूरोसायन्स करायचंय, कुठं जाऊ? मी नेहमीची यादी सांगतो. बंगळुरूला निम्हान्स, आयआयएस्सीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स, एनसीबीएस, हरियाणात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर, आणि त्यातल्या त्यात जवळ म्हणजे पुण्याची आयसर, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की दुपारच्या आत पाषाणला. पोरगं यादी लिहून घेतं, थँक्यू सर म्हणतं आणि जातं. यंदा एकीनं मात्र वेगळंच विचारलं, सर मग तोपर्यंत इथं काय काय शिकता येईल? यावर मी बरेच दिवस डोकं खाजवतोय.

कारण खरं सांगायचं तर मेंदू हा कुणा एका डिपार्टमेंटचा विषयच नाही. आम्ही वर्गात नर्व्ह इम्पल्स, म्हणजे नसेतून सिग्नल कसा जातो ते शिकवतो, सोडियम आत पोटॅशियम बाहेर, बोर्डावर ग्राफ काढतो, झालं. पण हॉजकिन आणि हक्स्ली ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९५२ ला ते काम छापलं त्याच्यामागं किती ठिकाणं होती बघा की. माणसं केंब्रिजची, प्रयोग प्लिमथच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या लॅबमध्ये कारण ज्याच्या जाड नसेवर हे प्रयोग केले तो स्क्विड नावाचा समुद्री जीव तिथं ताजा मिळायचा, नसेचं व्होल्टेज एका जागी धरून करंट मोजायची व्होल्टेज क्लॅम्पची युक्ती अमेरिकेतल्या कोल नावाच्या शास्त्रज्ञाकडून आलेली, आणि शेवटी डिफरन्शियल इक्वेशन्स सोडवायची वेळ आली तर केंब्रिजचा कॉम्प्युटर दुरुस्तीला बंद, मग हक्स्लीनं ब्रन्सविगा नावाच्या हँडल फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर ती सोडवली! १९६३ ला दोघांना नोबेल मिळालं. आता सांगा ह्यात झूऑलॉजी किती, फिजिक्स किती, मॅथ्स किती. आमच्या सिलॅबसमध्ये फक्त शेवटचा ग्राफ आलाय.

युरोपातल्या लोकांनी ही अडचण ओळखून सरळ शाळाच एकमेकांना जोडल्या. फेन्स म्हणून न्यूरोसायन्सवाल्यांची त्यांची फेडरेशन आहे, १९९८ ची, तिच्याखाली नेन्स हे नेटवर्क आहे आणि त्यात वेगवेगळ्या देशांतले मास्टर्स आणि पीएचडीचे प्रोग्रॅम सदस्य असतात. मला त्यातली आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे, तुमच्या लॅबमध्ये एखादं तंत्र नसेल तर दुसऱ्या देशातल्या लॅबमध्ये जाऊन ते शिकून यायला पीएचडीच्या पोरांना पैसे मिळतात. न्यूरासमस नावाचा जॉइंट मास्टर्स तर बोर्दो, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, गटिंगेन असा मिळून चालवला गेला. आणि गटिंगेन म्हणजे जिथं नेहर आणि साकमान ह्या शास्त्रज्ञांनी १९७६ ला पेशीच्या आवरणाचा इवलासा तुकडा काचेच्या नळीच्या टोकानं पकडून, म्हणजे पॅच क्लॅम्प करून, एका आयन चॅनेलचा, म्हणजे आवरणातल्या एका छिद्राचा करंट मोजला ते गाव. तिथं बसून ते तंत्र शिकणं आणि आमच्यासारख्यांच्या स्लाइडवर त्याचं चित्र बघणं ह्यात जो फरक आहे तो काय सांगावा.

पण हे चालतं कशावर? भाषणांवर नाही, क्रेडिटवर. युरोपात पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट हा हिशोब सगळीकडं एकच, त्यामुळं बर्लिनमध्ये केलेला कोर्स बोर्दोच्या मार्कशीटवर बसतो. आपल्याकडं काय नाहीये असं नाही हं. २०२१ ला यूजीसीनं अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) आणली, वेगवेगळ्या कॉलेजांतले क्रेडिट एका खात्यात जमा करायला, पोरांनी डिजिलॉकरवर एबीसी आयडी काढले, आम्ही मागं लागून काढायला लावले. खातं सगळ्यांचं उघडलंय, पण दुसऱ्या कॉलेजातून त्यात क्रेडिट भरलेलं पोरगं माझ्या तरी पाहण्यात नाही. सामंजस्य करार मात्र भरपूर होतात, शाल, श्रीफळ, फोटो, पेपरात बातमी. एका कॉलेजातला असाच एक करार मी जवळून बघितलाय, फाइल सुंदर आहे.

सोलापूरची गंमत वेगळीच आहे. इथं तुकडे सगळे आहेत. वैशंपायन मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, तिथं अ‍ॅनाटॉमी आहे, फिजिऑलॉजी आहे, शेजारी सिव्हिल हॉस्पिटल. शहरात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, सायकॉलॉजी शिकवणारी आर्ट्स कॉलेजं आहेत, आणि केगावला विद्यापीठ. अंतर म्हणाल तर रिक्षानं फिरून होईल एवढं. पण मेडिकल कॉलेज जोडलेलं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, आमची सायन्स कॉलेजं सोलापूर विद्यापीठाला, म्हणजे एकाच गावातल्या दोन वर्गांच्या मध्ये दोन विद्यापीठं उभी. माझ्या वर्गातल्या पोरीनं अ‍ॅनाटॉमीच्या हॉलमध्ये जाऊन खरा मेंदू बघायचा म्हणलं तर कुणाच्या सहीनं? आणि एमबीबीएसच्या पोराला पायथॉनमध्ये प्रोग्रॅमिंग शिकायचं असलं तर त्याचं क्रेडिट कुठं पडणार? नियम वाईट हेतूनं केलेत असं माझं म्हणणं नाही, मेडिकलचं वेगळं असणं मला पटतं, १९९८ ला ते विद्यापीठ वेगळं झालं त्याला कारणं होती. पण मेंदू नेमका त्या सीमेवर बसलाय.

तोपर्यंत काय करायचं ह्याचं थोडं उत्तर माझ्याकडं आहे. न्यूरोमॅच अ‍ॅकॅडमी बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्या समर स्कूल बंद पडल्या तेव्हा वेगवेगळ्या विद्यापीठांच्या लोकांनी मिळून ती ऑनलाइन सुरू केली, कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स म्हणजे गणित आणि कोड वापरून मेंदूचा अभ्यास, तीन आठवडे, पोरांचे छोटे गट, प्रत्येक गटाला एक शिकवणारा, आणि फी देशाच्या परिस्थितीप्रमाणं कमी-जास्त. सगळं मटेरियल फुकट उघडं आहे, ब्राउझरमध्येच कोड चालतो, लॅपटॉप भारी लागत नाही. दुसरं म्हणजे देशातल्या तीन सायन्स अकॅडमी मिळून समर फेलोशिप देतात, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये, आमची पोरं अर्जच करत नाहीत, आपल्याला कोण घेणार म्हणून. आणि पीएचडीसाठी टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेची जेजीबिल्स नावाची प्रवेश परीक्षा, एक परीक्षा आणि दारं बऱ्याच संस्थांची, हे पण सहकार्यच आहे ओ, फक्त आपण त्याला एन्ट्रन्स म्हणून घाबरतो.

तरी ऑनलाइनवर माझा पूर्ण भरवसा नाही. झुरळाच्या पायात दोन पिना खोचून स्पीकरवर नर्व्हचा खडखडाट एकदा ऐकला की पोरगं आयुष्यभर विसरत नाही, ते स्क्रीनवर होत नाही. त्याला लागणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर इलेक्ट्रॉनिक्सची पोरं मिनी प्रोजेक्टमध्ये बनवू शकतात, सिग्नलमधला नॉइज काढायचा कोड कॉम्प्युटरवाले लिहितील, नर्व्हचं आम्ही बघू. शनिवारी दुपारी, दोन-तीन कॉलेजं मिळून, सर्टिफिकेट नाही मिळालं तरी चालेल, मला आधी पोरं एका टेबलाभोवती बसलेली हवीत, क्रेडिटचं मागाहून भांडू.

सायकॉलॉजीच्या एक मॅडम हो म्हणाल्यात. इलेक्ट्रॉनिक्सचे एक मित्र म्हणतात, परीक्षा संपू दे मग बघू, म्हणजे अर्धं हो. मेडिकलकडं अजून कुणाशी बोलणं झालेलं नाही. पोरांना निदान एकदा ब्रेन डिसेक्शन लांबून बघायला परवानगी मिळावी असा अर्ज लिहून ठेवलाय. अ‍ॅनाटॉमीत कुणाची ओळख असेल तर कळवा, मी येऊन भेटतो.