तुम्ही विचारलंत म्हणून: अश्वगंधा घेऊ का?

"काका, झोपच नाही येऊन राहिली. डोक्यात चक्र सुरूच राहते. अश्वगंधा द्या ना."

नागपूरच्या इतवारीत आमचं काष्ठौषधींचं, म्हणजे वाळलेल्या औषधी मुळ्या-सालींचं दुकान आहे, आजोबांच्या काळापासूनचं. हा प्रश्न आठवड्यातून चार-पाच जण तरी विचारतात. गर्दीत पुडी बांधता बांधता नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी अश्वगंधाच घेऊ. बाजारात आम्ही तिला असगंध म्हणतो. आमच्याकडे माल येतो तो मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडून. चांगलं वाळलेलं मूळ बोटांत धरून मोडलं की कट्‌कन तुटतं आणि आत पिठासारखं पांढरं दिसतं. वाकणारं मूळ ओल धरलेलं, बारीक भोकं पडलेलं मूळ किडकं. तयार चूर्णात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून मी मूळ दाखवतो, गिऱ्हाईकासमोर मोडतो आणि मग दळून देतो.

तिचा उपयोग होतो का? होतो, पण हळूहळू. ताण आणि झोप यांवर तिचे जे अभ्यास झाले, ते बहुतेक ६ ते १२ आठवड्यांचे, थोड्या माणसांवरचे. त्यांत फरक दिसला, पण बेताचा. आज रात्री घेतली आणि उद्या डोकं शांत झालं, असं होत नाही. साधारण ३ ग्रॅम चूर्ण कोमट दुधातून, झोपताना, ही आमच्याकडची जुनी रीत.

पण ती कोणाला द्यायची नाही, हे मी घरातच शिकलो. माझ्या पत्नीला थायरॉईड कमी असल्याची गोळी चालू होती. सुनेचं बाळंतपण, दुकानाचं कर्ज, अशा धावपळीत तिची झोप गेली, तेव्हा मीच तिला रोज रात्री चमचाभर चूर्ण द्यायला लागलो. दोन महिन्यांनी तिच्या हाताला कंप सुटला. पोळी लाटताना लाटणं थरथरायचं. छातीत धडधड व्हायची, होती ती झोपही गेली. रक्त तपासलं तर थायरॉईड उलट वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळीशिवाय आणखी काय घेता?" अश्वगंधेने थायरॉईडचं प्रमाण वाढू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. चूर्ण बंद केलं आणि महिना-दीड महिन्यात हात स्थिरावला. ते थरथरणारं लाटणं मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून पुडी बांधण्याआधी मी विचारतो: कोणत्या गोळ्या चालू आहेत? थायरॉईड, झोपेची गोळी, साखर, बीपी, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टर किंवा वैद्य. सक्करदऱ्याला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे दाखवा. पोटात बाळ असेल तर मी देतच नाही. यकृताचा त्रास असेल तरीही नाही, कारण क्वचित का होईना, तिने कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. "झाडपाल्याने काय होते?" असं म्हणत लोक रागावून जातात. जाऊ देत.

ब्राह्मीबद्दल एवढंच सांगतो की या नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, गोल पानांची मंडूकपर्णी आणि बारीक, जाडसर पानांची नीरब्राह्मी. घेताना कोणती ते विचारा. जायफळ दुधात चिमूटभरच उगाळायचं. जास्त झालं तर ते विषासारखं भोवतं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे तो काशाच्या वाटीवर. आई रात्री आमच्या तळपायांना तूप लावून वाटीने दहा मिनिटं घासायची. तूप काळं पडायचं आणि ती म्हणायची, "पहा, केवढी उष्णता निघाली." ते काळं म्हणजे तूप आणि धातू घासून होणारा रंग, उष्णता नव्हे. पण डोळे मिटायचे ते खरं. कोणीतरी आपले पाय मांडीवर घेऊन बसलंय, घाईत नाही, हे अंगाला कळायचं. पत्नीचं चूर्ण बंद केल्यावर मी तेच केलं, रोज रात्री, दुकानाचा हिशोब बाजूला ठेवून.

मे महिन्यात येणाऱ्यांना मी आधी घराचं विचारतो. एक मुलगा आला होता, मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, रात्रपाळीला. पहाटे तीनला चहा, सकाळी येऊन टिनाच्या खोलीत झोपायचं, बाहेर ४५ अंश. त्याला असगंध देऊन काय होणार? मी वाळा दिला, माठात टाकायला आणि कूलरच्या ताटीला, आणि पाळीतला शेवटचा चहा सोडायला सांगितलं.

आणि एक बाई आल्या होत्या. नवरा जाऊन चार महिने झाले होते. म्हणाल्या, "भाऊ, सकाळी उठूच नये असं वाटते, ते जाईल असं काहीतरी द्या." मी स्टूल पुढे केलं, बसवलं, चहा मागवला. अशा दुखण्यावर माझ्या बरण्यांत काही नाही, हे त्यांना सरळ सांगितलं. जायफळाच्या पुडीच्या कागदावर टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलतात. त्यांचा हात फोनकडे जाईना, तेव्हा मीच लावून दिला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.